वीतभर उंचीवरून

माझे घरमालक कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. यजमान "या भाऊ, बसा" म्हणत खुर्ची पुढे करायचे आणि हे हातातल्या काठीनं छताला ठोकायचे. टक्. कान द्यायचे. दोन पावलं सरकून पुन्हा टक्. आवाज मनासारखा आला की खुर्ची उचलून त्या जागी ठेवायची आणि मगच बसायचं. तोवर चहा निवलेला असायचा. ब्रह्मपुरीत त्यांना ओळखणाऱ्यांनी याचा राग धरणं कधीच सोडून दिलं होतं. घरात नवी आलेली सून तेवढी घाबरायची.

सगळे त्यांना सरदार म्हणायचे. ते नाव नव्हे, हुद्दा. बल्लारपूरकडच्या एका कोळसा खाणीत ते सरदार होते, म्हणजे पाळीची माणसं उतरण्याआधी पुढे जाऊन छत, आधाराचे खांब आणि हवा तपासणारा माणूस. काठीनं छत ठोकायचं. आवाज भरीव आला तर खडूनं तारीख आणि सही. पोकळ आला तर फुली. फुलीच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, साहेबानंही नाही. निवृत्त होऊन ते गावाबाहेरच्या आपल्या घरी राहायला आले तेव्हा हुद्दा खाणीत राहिला, खडू मात्र खिशातून घरी आला.

एकदा एका साहेबानं फुली पुसून माणसं आत घाला असं फर्मावलं होतं. सरदारभाऊ वाद घालत बसले नाहीत. फुलीच्या अलीकडे, ऐन वाटेत मांडी घालून बसले, डबा उघडला आणि जेवायला लागले. साहेब ओरडत राहिला, हे भात कालवत राहिले.

"जेवत्या मानसाले कोनी उठवत नाई पोरी," ते मला सांगायचे. "त्या दिवशी डब्यात लाखोरीची डाळ होती. एवढ्या हळू मी जिंदगीत कधी जेवलो नाई."

"मग छत कोसळलं?" मी श्वास रोखून विचारलं होतं.

"नाई."

"मग?"

"मंग काय? दुसऱ्या दिवशी खांब लावले. काही झालं नाई." आणि मिशीत हसून, "काही झालं नाई, हेच तं आमचं काम होतं."

माझी निराशा झाली. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कामगारांच्या सभांची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. 'जबाबदार कोण?' हे दोन शब्द मला माझ्या नावाआधी लिहिता येत होते. पत्रकात छत कोसळतंच, नाहीतर पत्रक निघतंच कशाला? 'काही झालं नाही' असा मथळा असलेलं पत्रक मी अजून पाहिलेलं नाही.

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत मी राहायला आले. भाडेकरूंना लोक नाना अटी घालतात. कोणाची जात विचारतात, कोणाचं येणं-जाणं. यांची अट एकच, पलंग पंख्याखाली ठेवायचा नाही. मी कोण, कुठली, काय खाते, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. पंख्याचा हूक मात्र तीनदा हलवून पाहिला.

त्यांच्या पत्नीला मी बाई म्हणायचे. बाईंनी या माणसाबरोबर चाळीसेक वर्षं काढली होती आणि त्यांच्या जिभेला तेवढीच धार होती. मार्कंड्याच्या जत्रेत एकदा बाईंना आकाशपाळण्यात बसायचं होतं. सरदारभाऊंनी आधी पाळण्याचे नटबोल्ट तपासायला सुरुवात केली. पाळणेवाला विनवण्या करू लागला, रांगेतले लोक शिट्ट्या वाजवू लागले. शेवटी यांनी मान हलवली, "जाय, बस." तोवर शेवटची बस लागायची वेळ झाली होती.

"लग्नाच्या मंडपात यानं आधी बांबू पाह्यले होते," बाई म्हणायच्या. "नवरी कशी हाय ते पाहाले कोनी दुसरा आला असता तं मी त्याच्यासंगं गेलो असतो."

आणि सरदारभाऊ शांतपणे म्हणायचे, "मंडप पडला का?"

तर अशा घरात पिल्लू यायचं ठरलं.

रोज दूध घालणारे भाऊ जंगलाच्या काठच्या गावातून यायचे. त्यांच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. दोन कुणी नेली, एक बिबट्यानं गोठ्यातून नेलं. उरलं ते एक तांबूस, पांढऱ्या पायांचं. "तुमच्याकडे ठेवा सरदारभाऊ," दूधवाले म्हणाले. "माह्याकडे राह्यलं तं हेही जाईन."

सरदारभाऊंनी बाईंकडे पाहिलं. बाई भांडं घेऊन आत गेल्या.

कारण मला नंतर कळलं. याच घरात आधी एक कुत्रा होता. आमच्याकडे सगळे करतात तसं त्याला रोज संध्याकाळी दाराबाहेरच्या खांबाला साखळीनं बांधायचे. कुत्रा राखणीला, म्हणून कुत्रा बाहेर. बिबट्या आला तेव्हा बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नव्हती. त्या दिवशी साखळी बाईंनी अडकवली होती. त्यानंतर बाईंनी कुत्रा हा विषय बंद केला होता.

मला अर्थातच चेव आला. साखळी ही कशी गुलामी आहे, राखणारा बाहेर मरतो आणि राखलेले आत झोपतात ही कशी जुनीच रीत आहे, यावर मी जेवताना बोलले. चांगलं बोलले असावे, कारण सरदारभाऊ खायचे थांबले. बाई मात्र ताटात भात वाढत म्हणाल्या, "तुह्यं खरं हाय व पोरी. पन साखळी मी बांधली होती. तुह्या भाषनानं ते सुटते का?"

मी ताट पुढे ओढलं.

दोन दिवसांनी बाईच म्हणाल्या, "आनायचं तं आना. मी हात नाई लावनार. एकदा जीव लावला, पुरे झालं."

"घर पास झाल्याबिगर मी आननारच नाई," सरदारभाऊ म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी गुडघ्यांना पोती गुंडाळली, कपाळावर खाणीतला दिवा बांधला आणि दाराशी चार पायांवर झाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

"दिवा कशाले?" बाईंनी विचारलं.

"पलंगाखाली ऊन येते का?"

मग मला म्हणाले, "तू बी बस खाली. घर बांधलं उभ्या मानसानं. राह्यनार हाय वीतभर उंचीचं. आपन उभ्यानं पाहू तं काय दिसन?"

मी नाइलाजानं रांगायला लागले, आणि खरं सांगते, दोन महिने राहिलेलं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वीतभर उंचीवरून सगळ्याच गोष्टी निराळ्या होत्या. मोबाइलच्या चार्जरची वायर बरोबर तोंडासमोर लोंबत होती. पलंगाखाली बाईंची रक्तदाबाची एक गोळी पडलेली होती, गुलाबी, गोड दिसणारी. मोरीच्या भोकातून बाहेरचं अंगण दिसत होतं. त्यातून पिल्लू बाहेर गेलं असतं आणि साप आत आला असता. धानाच्या ढोलीखाली, बांबूच्या त्या मोठ्या कणगीखाली, उंदराच्या औषधाची पुडी होती. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पाण्याचं टाकं जमिनीत पुरलेलं आणि उघडं होतं. प्रत्येक जागी सरदारभाऊ नाकाच्या उंचीवर फुली मारत होते. पिल्लाच्या नाकाच्या.

माझ्या खोलीत ते पत्रकांच्या गठ्ठ्यापाशी थांबले. बराच वेळ दिवा मारून पाहिलं आणि ठळक फुली मारली.

"इथी सगळ्यात जास्त धोका."

मला बरं वाटलं. "विचारांचा?"

"पिनांचा. एकेका कागदाले दोन-दोन पिना हायेत. पोटात गेल्या तं आतडी फाडतीन."

स्वयंपाकघरातून बाईंचं हसू ऐकू आलं. त्या संध्याकाळी मी चारशे पत्रकांच्या पिना काढत बसले. शोषितांच्या बाजूनं उभं राहण्याचं हे रूप माझ्या वाचनात आलेलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस ते राबत होते. टाक्यावर जाळी बसवली. मोरीच्या भोकाला तारेचं झाकण केलं. उंदराचं औषध घरातून गेलं, ढोली विटांवर चढली. वायरी वर खिळल्या. कुंपणाला काटेरी फांद्या लावल्या, आणि बिबट्याला कुंपणाचा काय भरवसा म्हणून झोपायची जागा घराच्या आत, त्यांच्या बाजेच्या पायाशी केली. शेजारचे लोक यायचे, बघायचे.

"सरदारभाऊ, कुत्रा आनून राह्यले का जावई?"

"जावयाले अक्कल असते. तो गोळी खात नाई," सरदारभाऊ काम न थांबवता म्हणायचे.

मग दुसरी तपासणी. पुन्हा पोती, पुन्हा दिवा. या वेळी जागा ठीक झाली असेल तर ते फुली पुसायचे आणि तिथंच तारीख टाकून सही करायचे. सही म्हणजे त्यांच्या नावाचं एक अक्षर आणि खाली रेघ. पुढची खोली झाली, मधली झाली. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचा खडू संपला.

"पोरी, खडू!"

माझ्यासारख्या शिकवणारीच्या पर्समध्ये खडू असतोच, पण त्या दिवशी नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका वाटीत एक पांढरी कांडी दिसली. मी उचलली आणि त्यांच्या पसरलेल्या हातावर ठेवली. त्यांनी वर न बघता घेतली. स्वयंपाकघराचं दार, ढोलीचा पाया, मोरीची कड, मागची चौकट, अशा चार सह्या त्यांनी त्या कांडीनं केल्या. बाई तेव्हा मागे पाणी भरत होत्या.

त्याच दुपारी पिल्लू आलं. दूधवाल्यांनी ते शर्टाच्या आतून काढून अंगणात ठेवलं. ते आधी मुतलं, मग सरदारभाऊंच्या चपलेवर झोपलं. ते झोपलं आहे म्हणून सरदारभाऊ अर्धा तास एका चपलेवर उभे होते. बाईंनी दारातून पाहिलं, त्याच्यासाठी एका वाटीत भात कालवून ठेवला आणि वाटी पायानं पुढे सरकवली. हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी पिल्लू स्वयंपाकघरातून आलं ते झिंगल्यासारखं. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. दोन पावलं टाकून ते बसलं, ओकलं आणि थरथरायला लागलं.

"तूप पाजा थोडं," कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली.

"काही पाजायचं नाई," सरदारभाऊ म्हणाले. "डॉक्टरले इचारल्याबिगर तोंडात थेंब नाई." आणि मग ते पिल्लापासून उलट दिशेनं, आत निघाले. खाणीतली रीत होती ती. माणूस जिथं पडला तिथून त्याच्या पावलांनी मागे जायचं. ते ढोलीपाशी वाकले. पायावरच्या सहीचा अर्धा भाग ओला होता. जिभेनं पुसलेला. तिथं कोरड्या जागी त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"हा खडू कुठचा?"

"खिडकीतल्या वाटीतला," मी म्हणाले.

बाईंच्या हातातली पळी खाली पडली. "अवो, तो मुंग्यायचा खडू हाय! साखरेच्या डब्याखाली रेघ मारासाठी ठेवला होता मी!"

मुंग्या मारायचा खडू. घरातल्या प्रत्येक धोक्याला आम्ही बाहेर काढलं होतं आणि तो जिथं जिथं होता बरोबर तिथं, बरोबर पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर, विष लावून ठेवलं होतं. वर तारीखही घातली होती.

पुढे जे झालं ते भराभर झालं. मी माझ्या स्कूटरची किल्ली घेतली. मागे वळून पाहते तो बाई पदर खोचून आल्या होत्या. त्यांनी वाकून पिल्लाला उचललं, पदरात गुंडाळलं आणि माझ्या मागे बसल्या. "चाल! पाहून काय राह्यली?"

जनावरांच्या दवाखान्यापर्यंत मी गाडी हाणली. आरशात मला सरदारभाऊ दिसत होते, सायकलवर, वाकून, गुडघ्यांवरची पोती अजून तशीच. आदल्या दिवसापासून त्यांनी ती सोडलेली नव्हती, पिल्लामागे रांगायला लागतं म्हणून. माझ्या पाठीला पिल्लाचं थरथरणं लागत होतं, आणि बाई त्याच्याशी सतत बोलत होत्या. "आलाच दवाखाना, बाप्पा. आलाच. झोपू नोको. मले सोडून जाऊ नोको."

डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड धुतलं, पाय धुतले, सुई टोचली. "थोडंच चाटलेलं दिसतं. लवकर आणलंत. दुपारपर्यंत इथंच ठेवा, बघू." मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहत विचारलं, "पण एवढ्या लहान पिल्लाजवळ हा खडू ठेवला कुणी?"

हा तर माझा प्रश्न. आयुष्यभर मी तो दुसऱ्यांना विचारत आले होते. मी तोंड उघडलं, "मी..."

"मी," दारातून सरदारभाऊ म्हणाले. ते धापा टाकत होते.

"नाही डॉक्टर, खडू मी दिला. मी बघितलं नाही."

"खडू तिनं देला," ते म्हणाले. "सही माही हाय."

इतकंच. त्यात त्याग करण्याचा आव नव्हता, मला वाचवल्याचा मोठेपणा नव्हता. हिशेबच तसा होता त्यांच्या लेखी. ज्यानं 'ठीक आहे' म्हणून सही केली, तो जबाबदार. मी सांगितलेलं खरं त्यांनी नाकारलं नाही, नुसतं आपल्या खऱ्याच्या खाली ठेवलं. मी कितीतरी पत्रकं लिहिली असतील, पण असं उत्तर कुणी स्वतःहून दिल्याचं मला आठवत नाही.

दुपारपर्यंत पिल्लाचं थरथरणं थांबलं. तिसऱ्या प्रहरी त्यानं बाईंच्या बांगड्या चावायला सुरुवात केली आणि डॉक्टर म्हणाले, "न्या आता."

घरी आल्यावर सरदारभाऊंनी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून आपल्या चारही सह्या धुऊन काढल्या. जमीन तीनदा पुसली. मग ओसरीत बसून दूधवाल्या भाऊंना फोन लावला.

"सकाळी येजा गा. पिल्लू वापस घेऊन जाजा."

मी हादरले. "असं कसं भाऊ? ते वाचलं ना!"

"वाचलं डॉक्टरमुळं. माह्यामुळं तं मरत होतं." ते शांत होते, आणि तेच भयंकर होतं. "ज्या सरदाराची सही खोटी ठरली, त्यानं पुन्हा पाळी सांभाळाची नाई. तुले वाटते मी रागानं बोलून राह्यलो. नियम हाय."

"कोणाचा नियम?"

"माहा."

मी पुष्कळ भांडले. चुकीची शिक्षा चुकीपेक्षा मोठी कशी असते, तिकडे गोठ्यावर बिबट्या कसा फिरतो आहे, एका म्हाताऱ्याच्या तत्त्वासाठी पिल्लानं तिकडे का जायचं, सगळं बोलले. ते ऐकत राहिले. तत्त्वाच्या माणसाशी तत्त्वावर भांडणं किती कठीण असतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. माझ्याशी भांडणाऱ्यांची मला पहिल्यांदा दया आली.

बाईंनी भात टाकला, पिल्लाला डॉक्टरांनी सांगितलेली पेज दिली आणि झोपल्या.

सकाळी दूधवाले भाऊ आले. किटली खाली ठेवली आणि अवघडून उभे राहिले. सरदारभाऊ आत पिल्लाला आणायला वळले, तर दारात बाई. कडेवर पिल्लू, जसं काही शेजारणीचं पोर.

"आना इकडे," सरदारभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"काल सांगितलं ना. माह्या हातून चूक झाली."

"तुमच्या हातून झाली. त्याच्या हातून काय झालं?" बाई त्यांच्याकडे न बघताच दूधवाल्यांना म्हणाल्या, "का गा भाऊ, तुमच्या गावात छतं हायेत ना?"

"हायेत ना बाई."

"गोठे, मांडव, ईहिरी?"

"सगळं हाय."

"मंग ज्यानं चूक केली त्याले न्या. ह्याहीले बसवा गाडीवर. गावभर काठी ठोकत फिरतीन, तुमचं कल्यान होईन. पिल्लू माहं हाय. ते कुठी जात नाई."

दूधवाले भाऊ तोंडाला गमछा लावून हसायला लागले. मला हसावं की नाही कळेना, कारण सरदारभाऊंनी ते अगदी गंभीरपणे घेतलं होतं. ते खालमानेनं उभे होते. खाणीतल्या साहेबांपुढे जो माणूस हलला नव्हता, त्याला इथं काय करावं ते सुचत नव्हतं. क्षणभर मला वाटलं, हे खरंच चपला घालून गाडीवर जाऊन बसतात.

"बाई," ते शेवटी म्हणाले. त्यांनी बायकोला अशी हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नव्हती. "पुन्हा चुकलो तं?"

"तं मी हावो ना," बाई म्हणाल्या. त्यांनी पिल्लाला खाली सोडलं. ते घसरत, पाय पसरत सरळ जाऊन सरदारभाऊंच्या पायांत घुटमळलं. "चहा उतू जाते. दोघंबी आत या."

सरदारभाऊ पुढे, पिल्लू मागे, दोघंही आत गेले.